परतून आलेल्या सैनिकाचं मनन

हे सावकाश वाचायचं आहे. हातातलं काम संपलं असेल, घरात जेवणं उरकली असतील, तेव्हा बसा. पाठ ताठच हवी असं नाही, भिंतीला टेकलात तरी चालेल. दोन-चार श्वास आपापल्या गतीने येऊ-जाऊ द्या. मग ओळखीतला एक माणूस मनात आणा. तो फौजेत होता, पेन्शनवर घरी आला, पुष्कळ वर्षं गावात राहिला आणि आता नाही.

बिदर-कलबुर्गीच्या सीमाभागात असा माणूस आठवायला लांब जावं लागत नाही. भालकी, औराद, कमलनगर, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद या तालुक्यांतल्या गावांत एखादं घर ‘मिलिटरीवाल्यांचं’ म्हणून ओळखलं जातं. त्या घरातला माणूस हवालदार होऊन निवृत्त झालेला असो की साधा शिपाई म्हणून, गाव त्याला सरसकट ‘मेजर’ म्हणतं. पारावर ‘या मेजर’ म्हणत लोक सरकून जागा देतात. तुमचे मेजर तुमचे कोण लागत होते? वडील, मामा, चुलते, की शेजारचे अण्णा? नातं आठवा. मग त्यांचं पूर्ण नाव मनातल्या मनात एकदा घ्या, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. ‘मेजर’ म्हणता म्हणता गाव ते विसरून गेलेलं असतं.

थोडं थांबा. नाव मनात स्थिरावू द्या.

डोळ्यांसमोर आधी येतो तो बहुधा शेवटचा चेहरा. खाटेवरचा, डोळे खोल गेलेला. आला तर येऊ द्या, दूर लोटू नका. त्याला नमस्कार करा आणि त्याच्याही मागे जा. मागे साठीचा एक माणूस आहे, सकाळी सकाळी बांधावरून चालत निघालेला. त्याच्या मागे चाळिशीतला एक जण काळी ट्रंक घेऊन भालकीच्या स्टेशनावर उतरतो आहे. आणि सगळ्यांत मागे अठरा-एकोणीस वर्षांचं एक पोर उभं आहे. आपण त्या पोरापासून सुरुवात करू.

ते घर सोडून का गेलं? ‘देशासाठी’ असं आपण श्रद्धांजलीच्या फलकावर लिहितो. ते खोटं नाही, पण पुरतंही नाही. कोरडवाहू जमीन. तूर, मूग, उडीद, ज्वारी, सगळं पावसाच्या भरवशावर. त्यात १९७२ सारखा दुष्काळ पडला की घरात खाणारी तोंडं मोजली जायची. फौज म्हणजे दोन वेळचं जेवण, अंगावर कापड आणि घरी मनीऑर्डर. पोर पोटासाठी गेलं असेल आणि पुढे देशासाठी उभं राहिलं असेल. यात कमीपणा नाही. याच पट्ट्यातल्या कल्याणात, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, बाराव्या शतकात बसवण्णांनी कायकाचा विचार मांडला. प्रामाणिकपणे केलेलं पोटापाण्याचं काम हीच पूजा, असा तो विचार. तो जिथे रुजला तिथल्या माणसाला पोट एका बाजूला आणि सेवा दुसऱ्या बाजूला अशी वाटणी करायची गरज पडू नये.

आता त्या पोराच्या घरात डोकावा. घरात मराठी, शाळेत कानडी, बाजारात दखनी. आजोबांच्या बोलण्यात निजामाची राजवट. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौज सोलापूरहून निघाली, नळदुर्ग घेऊन हुमनाबादच्या वाटेने हैदराबादकडे सरकली आणि १७ तारखेला बिदरात शिरली. त्या वर्षाच्या आठवणी इथे घराघरांत वेगळ्या आहेत. कुठे सुटकेच्या, कुठे भीतीच्या, कुठे दोन्हींच्या. पुढे १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली आणि जुना बिदर जिल्हाच वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर एकीकडे गेले, भालकी आणि औराद दुसरीकडे. बहीण एका राज्यात दिली आणि भाऊ दुसऱ्या राज्यात राहिला, अशी अवस्था. अशा घरातलं पोर कुठल्याही एका राज्याचा नसलेला गणवेश अंगावर चढवायला निघालं, हे मनात धरा.

कुणी बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्रात गेलं. तिची सगळ्यांत जुनी बटालियन, जंगी पलटण, १७६८ सालची. कुणी महार रेजिमेंटमध्ये गेलं. तिची पहिली बटालियन १९४१ मध्ये बेळगावातच उभी राहिली होती. कुणी खडकीला रस्ते-पूल बांधणाऱ्या सॅपर्समध्ये, कुणी तोफखान्यात, कुणी रसद पोचवणाऱ्या एएससीत, कुणी गाड्या दुरुस्त करणाऱ्या ईएमईत. तुमचे मेजर यांतल्या कुठे होते? ठाऊक नसेल, तर ते ठाऊक नाही एवढंच लक्षात असू द्या. त्याचं काय करायचं ते शेवटी पाहू.

प्रशिक्षण संपतं तेव्हा कसम परेड होते. नव्या कपड्यांतली पोरं रांगेत उभी राहतात आणि आपापल्या धर्मग्रंथाच्या साक्षीने शपथ घेतात. जमिनीवर, समुद्रावर, आकाशात, जिथे पाठवाल तिथे जाईन, जिवावर बेतलं तरी हुकूम पाळीन, असा तिचा आशय. गावी आई भाकऱ्या थापत असेल, वडील जनावरांना पाणी दाखवत असतील, आणि त्याच वेळी त्यांच्या पोराने आपला जीव दुसऱ्याच्या हवाली केलेला असतो. या क्षणापाशी मनाला बसू द्या. पुढचं सगळं मनन याच क्षणावर उभं आहे.

श्वास येतो, जातो. त्यालाही तेव्हा असाच येत-जात होता.

शपथ झाली की पुढची वाटणी त्याच्या हाती नाही. एकाच रांगेतल्या दोघांपैकी एकाच्या वाट्याला बर्फातली चौकी येते, दुसऱ्याच्या वाट्याला रेशनचं कोठार. एक लढाईत जातो, दुसरा सबंध नोकरीत शत्रू बघत नाही. गावात मात्र प्रश्न एकच असतो: ‘लढाई बघितली का हो मेजर?’ ज्याने बघितली तो बहुधा विषय बदलतो. ज्याने बघितली नाही तो ओशाळतो, जणू त्याची नोकरी कमी अस्सल होती. तुमच्या मेजरना तो प्रश्न कुणी विचारला होता, ते काय म्हणाले होते, आठवतं का? स्वयंपाकी, चालक, धोबी, कारकून, वायरलेसवाला, या सगळ्यांनी ती एकच शपथ घेतलेली असते. मरणासाठी नाव सगळ्यांनी दिलं होतं. बोलावणं काहींना आलं.

आता घराकडे वळा. त्या वर्षांत घरून पत्र जायचं त्यावर गावाचं नाव नसे. नंबर, हुद्दा, नाव, युनिट आणि खाली ‘मार्फत ५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’, म्हणजे लष्करी टपाल कार्यालय. बस्स. तो डोंगरात आहे की वाळवंटात, आईला ठाऊक नाही, बायकोला ठाऊक नाही. पोस्टमन दिसला की एक जीव आनंदायचा आणि दुसरा धसकायचा, कारण पोस्टमनच्या पिशवीत मनीऑर्डरही असे आणि तारही असे. हवालदाराच्या बायकोने अशी किती वर्षं काढली असतील? सासू-सासऱ्यांचं दुखणंखुपणं, पोरांची शाळा, पेरणीला सालगडी, सोसायटीचं कर्ज, हे सगळं तिच्याच डोक्यावर. सैनिकाचं मनन करताना तिला वगळलं तर अर्ध्या सेवेचं मनन राहून जातं. दोन श्वास तिच्यासाठी ठेवा.

मग तो परत येतो.

आपण ‘निवृत्त सैनिक’ म्हटलं की म्हातारा माणूस डोळ्यांपुढे आणतो. पण शिपायाला पेन्शन बसायला पंधरा वर्षांची नोकरी पुरते. पस्तिशी-चाळिशीत माणूस घरी येतो. म्हणजे सत्तरी-पंचाहत्तरीत तो गेला असेल, तर फौजेत काढली त्याच्या दुप्पट वर्षं त्याने गावात काढली. आठवण मात्र आपण फक्त पहिल्या भागाची ठेवतो. आज दुसरा भाग सावकाश पाहू.

पहिल्या वर्षी त्याने काय केलं? बहुतेकांनी केलं तेच. आलेल्या पैशातून एक विहीर, नाहीतर बहिणीचं किंवा मुलीचं लग्न, आणि घरात शहाबादी फरशी. शेणाने सारवलेल्या जमिनीवर कलबुर्गी जिल्ह्याच्याच खाणीतला तो करडा-निळसर दगड बसला. उन्हाळ्यात त्यावर पाठ टेकली की थंड वाटायचं. पुढे कुणी हैदराबादला, कुणी कलबुर्गीला बँकेच्या दारात दुनळी बंदूक घेऊन उभं राहिलं. कुणी शेतीत उतरलं आणि वीस वर्षांत बदललेली शेती पुन्हा पहिल्यापासून शिकलं. पहाटे चारला उठायची सवय मोडली नाही. दाढी रोज. बूट नसले तरी चपला ओळीत. पोरं कंटाळायची त्या शिस्तीला. आज त्याच पोरांच्या चपला ओळीत असतात, बघा.

बिदरला हवाई दलाचा तळ आहे. वैमानिकांचं प्रशिक्षण तिथे चालतं, २००८ पासून हॉक विमानं आहेत, हवाई कसरती करणारं ‘सूर्यकिरण’ पथकही तिथलंच. आसपासच्या रानात विमानाचा आवाज रोजचा झाला आहे, खुरपणाऱ्या बाया मानही वर करत नाहीत. अशा वेळी मेजर काय करायचे? हातातलं थांबवून वर बघायचे की मुद्दाम खाली? दोन्हींत काही सांगणं असे. आठवून पाहा.

या पट्ट्यातल्या जुन्या देवळांच्या आवारात वीरगळ आढळतात. कल्याणच्या चालुक्यांच्या काळातही त्यांची परंपरा होती. दगडाच्या तळाशी लढाई कोरलेली असते. मधल्या पट्ट्यात अप्सरा वीराला वर नेतात. त्याच्या वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर ही कीर्ती. गावासाठी, गुरांसाठी, राजासाठी लढता लढता जो पडला त्याला हा दगड. दिल्लीचं राष्ट्रीय समर स्मारक २५ फेब्रुवारी २०१९ ला देशाला अर्पण झालं. तिथल्या ग्रॅनाइटवरची नावंही कर्तव्यावर असताना प्राण गेलेल्यांची आहेत. हजार वर्षांत रीत तीच राहिली आहे, आणि ती रास्तही आहे. पडलेल्याचा मान पहिला.

पण त्याच लढाईतून जो परत आला, त्याने नांगर धरला, पोरं वाढवली आणि म्हातारा होऊन खाटेवर गेला. त्याला दगड नाही. त्याचं मनन कसं करायचं?

दोन माणसं आठवा. दोघांचीही नावं सार्वजनिक आहेत. पहिले नामदेव जाधव, तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या निमजचे, मराठा लाइट इन्फन्ट्रीतले कंपनी रनर, म्हणजे निरोप पोचवणारे शिपाई. ९ एप्रिल १९४५ ला इटलीत सेनिओ नदीवर बरोबरचे बहुतेक जण पडले असताना त्यांनी दोन जखमींना खोल पाण्यातून, उभ्या चढावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून बाहेर काढलं. मग शत्रूची तीन मशीनगन ठाणी बंद पाडली आणि बांधावर उभं राहून मराठ्यांची युद्धघोषणा देत मागच्यांना पुढे बोलावलं. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते वारले १९८४ मध्ये. दुसरे रामा राघोबा राणे, याच कर्नाटकातल्या कारवारजवळच्या चेंडियाचे, बॉम्बे सॅपर्सचे. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावर, स्वतः जखमी असताना, चार दिवस सुरुंग आणि अडथळे काढत त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली. परमवीर चक्र मिळालं. ते वारले १९९४ मध्ये, पुण्यात.

त्या तारखांमधलं अंतर पाहा. जाधवांच्या त्या दिवसानंतर ३९ वर्षं. राण्यांच्या त्या चार दिवसांनंतर ४६ वर्षं. आपल्याला पाठ असतो तो दिवस. त्यानंतरच्या हजारो सकाळी, ज्यांत ते उठले, चहा प्याले, कुणाचे वडील झाले, कुणाचे शेजारी झाले, त्या कुणालाच पाठ नाहीत. तरी त्याही त्याच माणसाच्या होत्या.

कसम परेडच्या त्या क्षणाकडे परत जाऊ. त्या पोराने जीव देऊ केला होता. देशाने काहींचा घेतला, काहींचा परत केला. परत केला म्हणून देऊ केलेलं कमी ठरत नाही. देवापुढे ठेवलेला नारळ प्रसाद म्हणून घरी येतो, तेव्हा तो अर्पण झालाच नव्हता असं कुणी म्हणत नाही. तुमचे मेजर तीस-पस्तीस वर्षं गावात जे जगले ते असं परत मिळालेलं आयुष्य होतं. त्यांना ते ठाऊक असावं. म्हणून तर काही जण मिळालेला प्रत्येक दिवस नीट घडी घालून ठेवल्यासारखा जगले.

सगळे तसे जगले नाहीत. हेही मननात येऊ द्या, नाहीतर ते मनन राहणार नाही, नुसतं कौतुक होईल. कुणाला कॅन्टीनच्या बाटलीची सवय लागली. कुणाचा आवाज घरातही परेड मैदानावरचा राहिला, आणि पोरं त्या आवाजाला भिऊन वाढली. कुणी झोपेत ओरडायचे, आणि सकाळी त्याबद्दल कुणी बोलायचं नाही. दूर राहून राहून कुणाला स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखं वाटायचं. तुमच्या मेजरांचं असं काही तुमच्या मनात सलत असेल, तर ते आता बाहेर येऊ द्या. क्षमा करायची घाई नाही. एवढंच पाहा की अठराव्या वर्षी ज्याला हुकूम पाळायला शिकवलं, त्याला चाळिसाव्या वर्षी घरात कसं राहायचं हे कुणीही शिकवलं नव्हतं.

थांबा. जे आलं आहे ते असू द्या.

आता मनाने ती ट्रंक उघडा. काळा पत्रा, झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव. आत वुलनचा मोजा, डांबरगोळ्यांचा वास, डिस्चार्ज बुक, पीपीओची, म्हणजे पेन्शनच्या आदेशाची, घडी पडून फाटत आलेली प्रत. एखाद्या पुरचुंडीत पदकं. १९७१ च्या वेळचे असतील तर संग्राम पदक असेल, पूर्वी किंवा पश्चिमी स्टार असेल. गोल पदक हातात घेऊन त्याची कड उजेडाकडे फिरवा. नाण्याच्या कडेइतक्या त्या अरुंद जागेत बारीक अक्षरं कोरलेली असतात. नंबर, हुद्दा, नाव. डोळ्यांजवळ धरल्याशिवाय दिसत नाहीत. घरातल्या कितीतरी लोकांनी ती कधी वाचलेलीच नसतात. वीरगळ नसली तरी हे कोरीव नाव आहे, आणि ते तुमच्याच घरात आहे.

मनन इथे संपत आलं. डोळे मिटले असतील तर उघडा. पण उठायच्या आधी तीन कामं मनाशी पक्की करा, कारण सैनिकाची आठवण कामाशिवाय शोभत नाही.

पहिलं काम त्याच्या घरी जायचं. त्याची पत्नी हयात असेल तर तिचे कागद बघा. आधार कार्डावर तिचं नाव कानडी वळणाने लिहिलेलं, पासबुकात इंग्रजी स्पेलिंग तिसरंच, आणि पलटणीच्या रेकॉर्डमध्ये हिंदी कारकुनाने ऐकलं तसं उतरवलेलं, असा घोळ या सीमाभागात नेहमीचा. नाव आणि जन्मतारीख जुळत नाही म्हणून कुटुंब पेन्शन अडून राहते, आणि आमच्या मावश्या-काकवा खेटे घालत बसतात. मृत्यूचा दाखला, पीपीओ, बँकेचं पुस्तक, आधार एकत्र करून जिल्हा सैनिक कार्यालयात कुणीतरी त्यांच्याबरोबर जायला हवं. पेन्शनच्या ‘स्पर्श’ पोर्टलवर हयातीचा दाखला भरणं साठीच्या बाईला एकटीने जमेलच असं नाही. तुम्हाला जमतं.

दुसरं काम वहीचं. मघाशी जे ठाऊक नव्हतं ते ट्रंकेतल्या डिस्चार्ज बुकात शोधा. त्यांचा नंबर, युनिट, भरती आणि निवृत्तीचं साल, कुठे कुठे राहिले त्या गावांची नावं, आणि निवृत्तीनंतरची वर्षंही, विहीर कधी खणली, बँकेत किती वर्षं उभे राहिले, हे सगळं एका वहीत उतरवा. मराठीत लिहा, कानडीत लिहा, घरातल्या पुढच्या पिढीला जी वाचता येईल त्या भाषेत लिहा.

तिसरं काम जिवंत माणसाचं. तुमच्या गावात अजून एखादे मेजर असतील. येत्या रविवारी त्यांच्याकडे जाऊन बसा. लढाई बघितली का, हे विचारू नका. नोकरीला लागलात तेव्हा पहिल्या दिवशी काय खाल्लं, पहिलं पत्र घरून कधी आलं, परत आलात तेव्हा आई काय म्हणाली, हे विचारा. आणि त्यांना नावाने हाक मारा.